पीचेक नक्की कोणती चूक पकडतो? वितरित डेटाबेसच्या बाजूने एका गाजलेल्या पेपरचं वाचन

कॉन्फिगरेशनच्या चुकांवर काम करायचं ठरवलंत, तर गाईड तुमच्या हातात जे पहिले चार-पाच पेपर ठेवतील त्यात २०१६ चा एक पेपर बहुधा असेलच. तियानयिन शू आणि सहकाऱ्यांनी तो ओएसडीआय परिषदेत मांडला. कॉन्फिगरेशनच्या चुका लवकर पकडल्या तर बिघाडाचं नुकसान कमी होतं, असा त्याच्या शीर्षकाचा साधारण अर्थ. परिषदेने त्या वर्षी ज्या पेपरांना सर्वोत्तम म्हणून गौरवलं त्यात हाही होता. त्यात मांडलेल्या साधनाचं नाव पीचेक.

आजची पोस्ट या पेपरवरची टीका आहे. टीका म्हणजे झोडपणं नव्हे. पेपरने विचारलेला प्रश्न मला अगदी योग्य वाटतो. पण त्याचं उत्तर वितरित डेटाबेसला, म्हणजे एकच डेटा अनेक यंत्रांवर वाटून आणि प्रती करून ठेवणाऱ्या डेटाबेसला लावून पाहिलं, की ते अर्ध्यावर थांबतं. याला कारण 'चूक' या शब्दाची पेपरने धरलेली व्याख्या आहे, असं माझं म्हणणं आहे. संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी हे समजून घेणं गरजेचं आहे, कारण पुढच्या तीन-चार वर्षांत तुम्ही कोणती चूक शोधणार हे अशाच एखाद्या व्याख्येवरून ठरतं.

पेपर काय म्हणतो

गाडीच्या स्टेपनीत हवा नसेल तर ते कधी कळतं? पंक्चर झाल्यावर. तोवर गाडी मस्त धावत असते. सर्व्हरच्या कॉन्फिगरेशनमध्येही काही सेटिंग्ज अशा स्टेपनीसारख्या असतात. मुख्य यंत्र बंद पडलं तर कोणती स्क्रिप्ट चालवायची, लॉग कुठे लिहायचा, किती वेळ वाट पाहून दुसऱ्या यंत्राकडे जायचं, वगैरे. सर्व्हर सुरू होताना या सेटिंग्ज कोणी वापरतच नाही. त्यामुळे त्यातली चूक दडून राहते आणि संकट आलं की नेमकी संकट निवारण्याची सोयच मोडते.

पेपरने मोठ्या, मुरलेल्या सिस्टिम्स तपासल्या. विश्वासार्हता, उपलब्धता आणि देखभाल यांच्याशी जोडलेल्या महत्त्वाच्या पॅरामीटरपैकी १४.० ते ९३.२ टक्के पॅरामीटर असे निघाले, की सुरुवातीला ते तपासणारा वेगळा कोडच नव्हता. पट्टा एवढा रुंद आहे कारण प्रत्येक सिस्टिमचा आकडा वेगळा आहे.

पीचेकची युक्ती देखणी आहे. तपासणीचे नियम हाताने लिहायचे नाहीत. सेटिंग पुढे कधीतरी वापरणारा कोड प्रोग्रॅममध्ये आधीच आहे; तोच शोधून काढायचा, त्याचा खऱ्या डेटावर परिणाम होणार नाही अशी काळजी घ्यायची आणि सर्व्हर सुरू होतानाच तो चालवून पाहायचा. एक्सेप्शन आलं, सिस्टिम कॉलने एरर कोड परत दिला किंवा प्रोग्रॅम अवेळी बंद पडला, तर सेटिंग चुकीची. एचडीएफएस, यार्न, एचबेस, अपाची वेब सर्व्हर, मायएसक्यूएल आणि स्क्विड यांवर हे करून पाहिलं. गोळा केलेल्या खऱ्या दडलेल्या चुकांपैकी ७५ टक्क्यांहून जास्त चुका सुरुवातीलाच पकडता येतात, आणि त्यात आधी कोणालाही न सापडलेल्या ३७ चुका आहेत, असा निष्कर्ष आहे.

इथपर्यंत वाचून 'मग प्रश्न सुटलाच की' असं वाटू शकतं. आता हीच चाळणी कॅसँड्राला लावून पाहू.

किंमत बरोबर, मेळ चुकलेला

कॅसँड्रा फेसबुकमध्ये तयार झाला आणि २००८ मध्ये सगळ्यांसाठी खुला झाला. त्यात सगळे नोड बरोबरीचे असतात, मुख्य असा कोणी नाही. प्रत्येक नोंदीच्या किती प्रती ठेवायच्या हे रेप्लिकेशन फॅक्टर ठरवतो. वाचताना किंवा लिहिताना किती प्रतींकडून होकार घ्यायचा हे कन्सिस्टन्सी लेव्हल ठरवते.

पहिलं उदाहरण. तीन प्रती आहेत. लिहिताना एका प्रतीचा होकार घेतला, वाचतानाही एकीचाच. आता एका नोडवर लिहिलेलं लगेच दुसऱ्या नोडवरून वाचलं, तर जुनं उत्तर मिळू शकतं. हे टाळायचं तर लिहिताना आणि वाचताना घेतलेल्या होकारांची बेरीज एकूण प्रतींपेक्षा जास्त हवी. म्हणजे दोन आणि दोन, तीनपेक्षा जास्त. सोपं गणित आहे. पण यातल्या संख्या राहतात कुठे? प्रतींची संख्या डेटाबेसच्या स्कीमामध्ये. होकारांची संख्या ॲप्लिकेशनच्या कोडमध्ये किंवा ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये. जावाच्या प्रचलित ड्रायव्हरला काही सांगितलं नाही, तर तो स्थानिक डेटासेंटरमधल्या एकाच प्रतीवर समाधान मानतो. म्हणजे एक संख्या डेटाबेस सांभाळणाऱ्यांच्या हातात, दुसरी ॲप लिहिणाऱ्यांच्या हातात. दोन्ही संख्या आपापल्या जागी शंभर टक्के वैध आहेत. एक्सेप्शन येणार नाही, एरर कोड येणार नाही. चुकलाय तो दोघींचा मेळ.

दुसरं उदाहरण जास्त गंभीर आहे. कॅसँड्रामध्ये नोंद पुसली की ती लगेच नाहीशी होत नाही. 'ही पुसली आहे' अशी खूण ठेवली जाते, तिला टूम्बस्टोन म्हणतात. ही खूण किती काळ जपायची ते जीसी ग्रेस सेकंड्स या सेटिंगने ठरतं. मुळातली किंमत ८,६४,००० सेकंद, म्हणजे १० दिवस. त्यानंतर खूण साफ व्हायला मोकळी. आता समजा, पुसण्याच्या वेळी एक नोड बंद होता. नोड थोडाच वेळ बंद असेल तर दुसरे नोड त्याच्यासाठी निरोप राखून ठेवतात, पण त्यालाही मर्यादा आहे. मुळात ती ३ तासांची असते. त्यापुढे नोडांमधला फरक मिटवायला रिपेअर नावाचं काम चालवावं लागतं. रिपेअर १० दिवसांच्या आत पूर्ण झालं तर ठीक. नाही झालं, तर बाकीच्या नोडांवरची खूण साफ होते, त्या एका नोडवर मात्र मूळ नोंद शिल्लक राहते आणि पुढे तीच खरी समजून सगळीकडे परत पसरते. पुसलेला डेटा जिवंत होतो.

यात चूक कुठे आहे? दहा दिवस ही किंमत चूक नाही. रिपेअर दर १५ दिवसांनी चालवणारा क्रॉन जॉबही एकटा बघितला तर चूक नाही. दोन्ही एकत्र आले की चूक. आणि क्रॉनचं वेळापत्रक डेटाबेसच्या कोडमध्ये कुठेच नाही. सेटिंग वापरणारा कोड आधीच चालवून पाहणाऱ्या साधनाला ते दिसणार कसं?

तिसरं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं, कारण ते पेपरच्याच विषयातलं आहे. लॉगिनची माहिती कॅसँड्रा सिस्टिम-ऑथ नावाच्या कीस्पेसमध्ये ठेवतो. मुळात तिचा रेप्लिकेशन फॅक्टर १ असतो. क्लस्टर मोठा केला, पण हा आकडा तसाच राहिला, तर प्रत्येक युजरची लॉगिन-नोंद एकाच नोडवर असते. महिनोन्महिने सगळं सुरळीत. मग एक दिवस तो नोड बंद पडतो. व्यवसायाच्या डेटाच्या तीन-तीन प्रती शाबूत असतात, पण त्या युजरला नव्याने आत शिरता येत नाही. ही शंभर टक्के दडलेली चूक आहे, पेपरच्या भाषेत अगदी नमुनेदार. तरीही पीचेकसारखं साधन इथे गप्पच राहणार, कारण १ ही किंमत वैध आहे. एका नोडच्या क्लस्टरला तर तीच बरोबर आहे. ती चुकीची ठरते शेजारी आणखी नोड आले म्हणून.

म्हणजे पेपरने प्रश्न मांडताना 'संकटात उपयोगी पडणारी सेटिंग' असं मोठं वर्तुळ काढलं. उत्तर देताना मात्र 'वापरली की एरर देणारी किंमत' एवढंच छोटं वर्तुळ घेतलं. ७५ टक्के हा आकडा छोट्या वर्तुळातला आहे. वाचणाऱ्याच्या मनात तो मोठ्या वर्तुळाला चिकटतो, आणि माझी हरकत इथेच आहे. एचडीएफएस आणि एचबेस या वितरित सिस्टिम्स होत्या हे खरं. पण त्यांतही तपासणी एकेका प्रोसेसची, त्या यंत्रावरून जेवढं दिसतं तेवढीच.

'लवकर' म्हणजे केव्हा?

पेपरमध्ये 'लवकर' याचा अर्थ सर्व्हर सुरू होताना. वेब सर्व्हरसाठी हे पटतं. पण डेटाबेस रोज कोण रीस्टार्ट करतं?

याची सार्वजनिक नोंद असलेली घटना बघू. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब डॉट कॉमचा डेटाबेस गेला. पोस्टग्रेस होता, एक मुख्य यंत्र आणि त्याची प्रत ठेवणारं दुसरं. काटेकोर अर्थाने हा कॅसँड्रासारखा वितरित डेटाबेस नाही, पण दोन यंत्रांत डेटाची प्रत ठेवणं आलं की प्रश्न तेच येतात. कंपनीने काय झालं त्याचा सविस्तर अहवाल स्वतःच प्रसिद्ध केला. तो प्रत्येक सिस्टिम्सच्या विद्यार्थ्याने वाचावा.

त्या संध्याकाळी भार वाढला आणि दुसरं यंत्र मागे पडत गेलं. त्याला हवे असलेले बदलांचे लॉग मुख्य यंत्राने तोवर काढून टाकले होते. म्हणून दुसऱ्या यंत्राची प्रत नव्याने घ्यायचं ठरलं. प्रत घेणाऱ्या प्रोग्रॅमने तक्रार केली, की लॉग पाठवणाऱ्या जोडण्यांची मर्यादा अपुरी आहे. ती वाढवून ३२ केली. या बदलासाठी रीस्टार्ट लागतो. रीस्टार्ट केला तर पोस्टग्रेस उठेना, सेमाफोर फार लागताहेत म्हणून. एकूण जोडण्यांची मर्यादा ८,००० होती, ती २,००० वर आणल्यावर तो सुरू झाला. हीच ८,००० ची सेटिंग त्याआधी जवळजवळ वर्षभर बिनबोभाट चालली होती.

इथे सुरुवातीची तपासणी होती. तिने आपलं काम चोख केलं. पण केव्हा? आग लागलेली असताना. म्हणजे 'सुरू होताना पकडणं' हे नेहमी लवकर असतंच असं नाही. दीर्घकाळ चालणाऱ्या डेटाबेसमध्ये रीस्टार्ट हाच अनेकदा संकटाचा भाग असतो. पेपरमध्ये या बाजूचा विचार मला पुरेसा दिसत नाही.

पुढची गोष्ट बहुतेकांना माहीत आहे. प्रत घेणारा प्रोग्रॅम काही न बोलता थांबून राहिला. खरं तर तो मुख्य यंत्राकडून डेटा सुरू होण्याची वाट बघत होता. डेटाची डिरेक्टरी आडवी येत असेल असं वाटून एका इंजिनिअरने ती काढून टाकायला घेतली, आणि कमांड दुसऱ्याऐवजी मुख्य यंत्रावर चालली. थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी साधारण ४.५ जीबी उरला होता.

लोकांच्या लक्षात ती कमांड राहिली. पण खरा धडा बॅकअपमध्ये आहे. रोजचा बॅकअप ॲप्लिकेशन सर्व्हरवरून घेतला जायचा. पोस्टग्रेसच्या दोन आवृत्त्यांपैकी कोणती साधनं वापरायची हे इन्स्टॉल केलेलं पॅकेज डेटाच्या डिरेक्टरीतल्या फाइलवरून ठरवायचं. ॲप्लिकेशन सर्व्हरवर डेटाबेसच नव्हता, मग ती फाइल कुठून असणार? म्हणून पॅकेजने मुळातली ९.२ आवृत्ती उचलली. डेटाबेस होता ९.६. आवृत्त्या जुळल्या नाहीत, बॅकअप प्रत्येक वेळी एरर देऊन बंद पडायचा. एरर आल्यावर ईमेल जायचा, पण ती ईमेल प्रमाणित नसल्यामुळे पोहोचण्याआधीच नाकारली जायची. बॅकअपचा बकेट रिकामा निघाला. शेवटी वेगळ्याच कामासाठी सुमारे सहा तास आधी हाताने घेतलेल्या स्नॅपशॉटवरून डेटा परत आणला.

पीचेकच्या कसोटीवर हे घासून बघा. ॲप्लिकेशन सर्व्हर एकटा बरोबर होता. डेटाबेस सर्व्हरही एकटा बरोबर होता. ईमेलची सुरक्षा तर चांगल्या हेतूने लावलेली. आणि एरर तर आला होता, रोज येत होता! पीचेकला हवी असलेली खूण हजर होती. ती ऐकणारं कोणी नव्हतं. पेपर जिथे 'चूक सापडली' म्हणून थांबतो, तिथून पुढे ती माणसापर्यंत पोहोचण्याचा एक टप्पा असतो, आणि त्या टप्प्याचंही स्वतःचं कॉन्फिगरेशन असतं. तेही चुकू शकतं.

इथे एक गोष्ट पेपरच्या बाजूने सांगायलाच हवी. संकटात लागणाऱ्या सोयीच आधीपासून मोडलेल्या असतात, हे पेपरचं मुख्य निरीक्षण या घटनेने तंतोतंत खरं ठरवलं. प्रश्न बरोबर होता म्हणतो तो याचसाठी.

सापडणं वेगळं, सुटणं वेगळं

समजा, कोणतं तरी साधन आलं आणि त्याने वरची प्रत्येक चूक पकडली. मग? पेपर वाचताना असं वाटतं की चूक सापडली म्हणजे फाइलमधली ओळ बदलायची, झालं. वितरित डेटाबेसमध्ये ओळ बदलणं हा सगळ्यात सोपा भाग.

एक प्रत ठेवणाऱ्या कीस्पेसला तीन प्रती करा असं सांगितलं, तर कमांड क्षणात पूर्ण होते. डेटा मात्र हललेला नसतो. नव्याने जबाबदार झालेले नोड रिकामेच असतात. आता एका प्रतीवर समाधान मानणारं वाचन नेमकं रिकाम्या नोडकडे गेलं, तर 'नोंद नाही' असं उत्तर येतं. म्हणजे चूक दुरुस्त केल्यावर, पूर्ण रिपेअर होईपर्यंत, परिस्थिती आधीपेक्षा वाईट. दुरुस्ती करायची तर आधी वाचनाची पातळी वाढवा, मग प्रती वाढवा, मग सगळ्या नोडांवर रिपेअर चालवा, मग पातळी खाली आणा. क्रम चुकला की ग्राहकाला त्याचा डेटा दिसेनासा होतो.

किंवा नोडच्या टोकनांची संख्या घ्या. आधी मुळात २५६ असायची, ४.० आवृत्तीपासून १६ आली. चालू नोडवर नुसता आकडा बदलून बघा. नोड सुरूच होत नाही, कारण आधीच्या टोकनांनुसार डेटा वाटून झालेला असतो. जुनी निवड डेटात मुरलेली आहे. ती बदलायची तर नोड रिकामा करून बाहेर काढायचा आणि नव्याने आत घ्यायचा, एकेक करून. नाहीतर वेगळं डेटासेंटर उभं करून तिकडे सरकायचं. हे तासाभराचं काम नाही, आणि ते सगळं डेटाबेस चालू असताना करायचं.

कॅसँड्रा इथे चांगलं वागतो हेही नोंदवायला हवं. क्लस्टरचं नाव, डेटासेंटरचं नाव, टोकनांची संख्या यांची आधीची किंमत तो स्वतःजवळ लिहून ठेवतो आणि नवी वेगळी दिसली तर सुरू व्हायला नकार देतो. प्रतींच्या यादीत क्लस्टरमध्ये नसलेल्या डेटासेंटरचं नाव लिहिलं, तर जुन्या आवृत्त्या ते निमूट स्वीकारायच्या, आणि त्या नावाखाली एकही प्रत बनायची नाही. नंतरच्या आवृत्त्यांनी असं नाव नाकारायला सुरुवात केली. म्हणजे मेळ तपासता येतो, फक्त त्यासाठी साधनाला आधीची स्थिती आणि शेजारचे नोड माहीत असावे लागतात. एका प्रोसेसच्या कोडमध्ये डोकावून ते कळत नाही.

हे आधीच माहीत होतं

तुम्ही म्हणाल, २०१६ च्या पेपरवर आज बसून टीका करणं सोपं आहे. मान्य, पण माझी टीका नंतरच्या ज्ञानावर उभी नाही. याच क्षेत्रात, पाच वर्षं आधी, २०११ च्या एसओएसपी परिषदेत एक अभ्यास आला होता. झुओनिंग यिन आणि सहकाऱ्यांनी ५४६ खऱ्या चुका तपासल्या, एका व्यावसायिक स्टोरेज सिस्टिममधल्या आणि सेंटओएस, मायएसक्यूएल, अपाची, ओपनएलडॅप यांतल्या. पॅरामीटरच्या चुकांपैकी ३८.१ ते ५३.७ टक्के चुका उघडउघड नियम मोडणाऱ्या होत्या. म्हणजे उरलेल्या साधारण निम्म्या किंवा त्याहून जास्त चुकांत किंमत दिसायला वैध होती. आणि एकूण चुकांपैकी २१.७ ते ५७.३ टक्क्यांमध्ये तपासल्या जाणाऱ्या सिस्टिमच्या बाहेरच्या गोष्टी गुंतल्या होत्या. काहींत तर पूर्ण वेगळं यंत्र.

आता नीट बघा. या अभ्यासातून 'अवैध किंमत पकडणारं साधन बनवा' हा धागा लगेच उचलला गेला. २०१३ मध्ये शू आणि सहकाऱ्यांचंच स्पेक्स आलं. कोड वाचून त्याने सेटिंगवरच्या ३,८०० अटी शोधल्या आणि चुकीसाठी युजरला दोष देऊ नका असं ठामपणे सांगितलं. मग २०१६ मध्ये पीचेक. दोन्ही कामं भक्कम आहेत. पण 'वैध पण चूक' आणि 'दुसऱ्या यंत्रातली चूक' हे धागे त्या मानाने मागे राहिले. का राहिले असावेत? माझा अंदाज साधा आहे. अवैध किंमत आपोआप ओळखता येते, मोजता येते, आणि मोजता आलं की निकालांचा तक्ता भरता येतो. दोन नोड आणि एक क्रॉन जॉब यांच्यातला बिघाड मोजायला आधी 'बरोबर म्हणजे काय' हे कोणीतरी लिहून द्यावं लागतं.

पुढे काही लोकांनी ही वाट धरली, हेही सांगायला हवं. शू यांच्याच गटाने २०२० च्या ओएसडीआयमध्ये प्रत्यक्ष वापरातल्या किंमती सॉफ्टवेअरच्या तयार टेस्टमध्ये घालून चालवण्याची कल्पना मांडली. टेस्टमध्ये अपेक्षित उत्तर लिहिलेलं असतं, त्यामुळे एरर न देता चुकीचं वागणारी सेटिंगही पकडता येते. पीचेकच्या मर्यादेवरचं हे थेट उत्तर आहे, आणि एखादा गट स्वतःच्याच कामाच्या पुढे जातो तेव्हा त्याचं कौतुक करावं. २०२१ च्या युरोसिसमध्ये झेब्राकॉन्फ आलं. एकाच क्लस्टरच्या वेगवेगळ्या नोडांवर एकाच पॅरामीटरच्या वेगळ्या किंमती असल्या तर काय मोडतं, हे ते शोधतं. इथे पहिल्यांदा तपासणीचं एकक 'एक प्रोसेस' न राहता 'नोडांमधला फरक' झालं. तरीही क्रॉनचं वेळापत्रक, ॲपमधली कन्सिस्टन्सी लेव्हल, न पोहोचणारी ईमेल या गोष्टी दोन्हींच्या कुंपणाबाहेरच आहेत. दुरुस्तीचा क्रम तर फारच बाहेर.

तुमच्यासाठी

असा पेपर वाचताना तीन प्रश्न वहीत लिहून ठेवा.

एक, या पेपरमध्ये चूक म्हणजे काय? प्रस्तावनेत कोणती व्याख्या आहे आणि प्रयोगात कोणती वापरली? दोन्हींत फरक असेल तर तुमच्या टीकेची सुरुवात तिथूनच होते.

दोन, टक्केवारीच्या खाली काय आहे? '७५ टक्के' वाचलं की लगेच विचारा, कशाचे? गोळा केलेल्या चुकांचे, की घडणाऱ्या सगळ्या चुकांचे? चुका गोळा करण्याच्या पद्धतीतच काही चुका गाळल्या जातात का?

तीन, सापडल्यानंतर काय? चूक कोणाला कळवली जाते, तो माणूस काय करू शकतो, आणि ते करताना नवं काय मोडू शकतं?

आणि विषय शोधत असाल तर एक लहानसं काम सुचवतो, सेमिस्टरभरात होण्यासारखं. ओळखीचा एखादा वितरित डेटाबेस घ्या. त्यातली फक्त अशी बंधनं लिहून काढा, ज्यांची एक बाजू एका जागी आणि दुसरी बाजू दुसऱ्या जागी राहते: सेटिंग आणि क्रॉन, स्कीमा आणि ड्रायव्हर, जुना नोड आणि नवा नोड. प्रत्येकापुढे दोन रकाने ठेवा, 'ही बाजू कोणाला माहीत आहे' आणि 'दुरुस्त करताना डेटा हलवावा लागतो का'. वीसेक बंधनं झाली की आजच्या साधनांना त्यातली किती दिसतात ते तपासा. माझा अंदाज आहे की फार थोडी दिसतील. अंदाज चुकला, तर ती यादीच माझ्या या टीकेला उत्तर म्हणून मांडा.